डाव्या हाताचा ठेका

धर्मपाल खंडारे यांच्या डाव्या हाताचं काय झालं, असं वलगावात कोणालाही विचारा, उत्तर एकच येतं: रानडुकरानं नेला. हे खरं नाही. हात जागच्या जागी आहे. पाचही बोटं शाबूत आहेत, नखं दर रविवारी मनकर्णाबाई कापतात, मनगटावर घड्याळ आहे आणि ते बरोबर वेळ दाखवतं. फक्त हात कोणाचं ऐकत नाही. दोन वर्षांपूर्वी परतवाड्याहून भीमगीतांचा कार्यक्रम आटोपून येताना एका रानडुकरानं त्यांच्या मोटरसायकलला आडवी धडक दिली. धर्मपाल खांद्यावर पडले आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा ओढला गेला. डुक्कर उठलं, अंग झटकलं आणि तुरीत निघून गेलं. त्याला पुढं काही त्रास झाला का, याची चौकशी कोणी केली नाही. धर्मपालची मात्र अमरावती-अकोला मिळून चार दवाखान्यांनी केली आणि चौघांनी मिळून एकच निदान केलं, की हात हलत नाही.

एकतीस वर्षं धर्मपाल जिल्हा परिषदेत हातपंप दुरुस्त करत होते. दांडा दोनदा दाबला की खाली पाणी आहे की नाही, हे त्यांच्या हाताला कळायचं. पुष्कळदा नसायचंच. बोअर आटलेला असायचा. पण भोवती बाया गुंड-घागरी घेऊन उभ्या असत, सरपंच असायचा, चहा येऊन गेलेला असायचा. मग धर्मपाल पंप उघडत, जुना वॉशर काढत, नवा बसवत, दांडा दाबून पाहत आणि गंभीरपणे म्हणत, "पाणी येईन. दोन-चार दिवसांनं येईन." आणि सायकलवर टांग मारत. खाली पाणी नाही तर वॉशर कायले बदलता, असं मनकर्णाबाईंनी विचारलं की म्हणत, "लोकाईले रिकामं कसं धाडू वं?"

हे नोकरीचं झालं. जीव ढोलकीत होता. गावच्या गायन पार्टीत चाळीस वर्षं ढोलकी त्यांचीच. ढोलकीचा उजवा हात बोलतो आणि डावा घुमतो. घुमारा गेला की उरतं ते टिन वाजवल्यासारखं. अपघातानंतर त्यांनी एकदाच ढोलकी मांडीवर घेतली, उजव्या हातानं दोन मात्रा वाजवल्या आणि मनकर्णाबाईंना म्हणाले, "हे ठेवून दे. पत्र्यावर गारा पडल्यावानी वाजते."

त्यांची एकुलती एक मुलगी माधवी, वय चौतीस, अमरावतीच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते. तिचं खरं काम मात्र वेगळं. ती मज्जातंतूंचं बोलणं ऐकणारी सर्किटं काढते. शरीरात बसवायच्या यंत्रांसाठी. हे काम तिनं बापाचा हात जाण्याच्या कितीतरी आधी सुरू केलं होतं. त्यामुळं गावात दोन मतं होती. एक, पोरीच्या शिक्षणाचा बापाला उपयोग होणार. दुसरं, पोरीनं हा विषयच घेतला नसता तर डुक्कर आडवं आलं नसतं.

काम सांगायला सोपं आहे. नस बोलते ती व्होल्टाच्या काही लाखाव्या भागात. तिच्या आजूबाजूला भिंतीतली वायर, ट्यूबलाइट, पंखा, मोबाईल ही सगळी मंडळी हजारो पट मोठ्यानं बोलत असतात. लग्नात डीजे दणाणत असताना मांडवाच्या कोपऱ्यात बसलेली म्हातारी काय पुटपुटली, ते ऐकायचं; तेही चुकीच्या म्हातारीचं नाही. शिवाय ऐकणाऱ्यानं अंगात तापायचं नाही, जागा व्यापायची नाही आणि बॅटरी जवळजवळ खायचीच नाही. थोडक्यात, घरात ठेवून घ्यायला चांगला जावई हवा.

माधवीनं सहा वर्षं घालवून असा जावई शोधला. तिळाएवढी चिप. आराखडा अमरावतीत काढला, चिपा परदेशात बनल्या, आणि चाळीस नग डबीत घालून आले तेव्हा कस्टमच्या एका साहेबानं ते कसलंतरी चोरटं बियाणं समजून सात आठवडे अडवून ठेवले. पेरून पाहिले नाहीत, हे नशीब.

या चिपेचा एक गुण माधवीला विशेष प्रिय होता. ती एरवी झोपलेली असे. रोग्यानं खूण केली, की आता मी प्रयत्न करतोय, तर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शापुरती जागी होई, ऐके, लिहून घेई आणि पुन्हा झोपे. त्यामुळं बॅटरी वर्षानुवर्षं पुरणार होती. बंगळुरूच्या परिषदेत एका मोठ्या प्राध्यापकांनी उठून विचारलं होतं, "म्हणजे बोलावल्याशिवाय ही पाहतच नाही?" माधवी अभिमानानं म्हणाली होती, "नाही सर." टाळ्या पडल्या होत्या.

अकोल्याच्या एका दवाखान्यात डॉ. प्राजक्ता काळमेघ नावाच्या शल्यविशारद होत्या. मूळच्या हिवरखेडच्या. त्यांनी धर्मपालचा खांदा तपासून सांगितलं, की बहुतेक नसा तुटल्यासारख्या दिसतात, पण एखादा धागा जिवंत असूही शकतो. असला, तर त्याचं बोलणं ऐकून मोटरच्या हातमोज्याला सांगता येईल आणि मूठ वळेल. ढोलकी वाजेल का, हे धर्मपालनी तिथंच विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थाप पडेल काका. बोटं नाचणार नाहीत." धर्मपाल म्हणाले, "डाव्याले थापच लागते."

मग अशा प्रयोगांना परवानगी देणारी दवाखान्याची समिती बसली. नऊ जण होते. त्यांना पहिला आक्षेप सुचला तो असा, की रोगी हा चिप करणारीचा बाप आहे. परका रोगी आणा, असं एकानं सुचवलं. बाप परका असल्याचं प्रतिज्ञापत्र द्या, असं कोणी म्हणालं नाही, पण बोलणी त्या दिशेनं चालली होती. शेवटी ठरलं ते असं: खांदा उघडून नसेभोवती केसासारख्या दोन तारा बसवायच्या, त्यांची टोकं कातडीबाहेर ठेवायची, तीस दिवस ऐकायचं. या तीस दिवसांत नस बोलली आणि डॉ. काळमेघांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तर पुन्हा शस्त्रक्रिया करून चिप कायमची आत. नाही बोलली, तर तारा काढायच्या आणि फाईल बंद. दुसऱ्यांदा परवानगी नाही.

पहिले सहा दिवस माधवीनं वडलांना कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसवलं. "बाबा, मूठ वळा." धर्मपाल दात-ओठ खाऊन मूठ वळायचे. डोक्यात. पडद्यावर नुसता कचरा. कॉलेजची लिफ्ट वर गेली की कचरा वर जाई, खाली आली की खाली.

"लिफ्टची नस मस्त जिवंत हाय," धर्मपाल म्हणाले.

सातव्या दिवशी माधवीनं चिप आणि पडदा असलेलं सगळं खोकं उचललं आणि वलगावात घरी आणलं. घर गल्लीतलं शेवटचं. ओसरीसमोर तारेचं कुंपण, कुंपणापलीकडं सूर्यभान काकडे यांचा हरभरा. लिफ्ट नाही, एसी नाही. तिनं घराचा मेन स्विचही बंद केला आणि खोकं बॅटरीवर चालवलं. दिवस मावळत होता. कुंपणापलीकडून सूर्यभान आले, कडुलिंबाला टांगलेल्या डब्याशी काहीतरी खुडबुड केली आणि नेहमीप्रमाणं हाक दिली.

"जयभीम, धर्मपालभाऊ!"

"राम राम, सूर्यभान. झालं का?"

"झालं, झालं. पोरगी काय करून राहिली?"

"माहा हात आयकून राहिली."

"आयकू द्या, आयकू द्या. आमच्या घरी तं तोंडाचंच कोणी आयकत नाही."

ते गेल्यावर माधवी म्हणाली, "बाबा, मूठ वळा."

"मूठ वळा म्हटलं की मले डाक्टर दिसते. त्यापेक्षा वाजवू का?"

"काय?"

"ढोलकी. मनात. डाव्यानं."

माधवीला हे पटलं. मनकर्णाबाईंच्या शिलाई मशीनचं पेडल तिनं वडलांच्या उजव्या पायाखाली दिलं. मनात डावी थाप पडली की पाय दाबायचा. तीच चिपेला खूण. धर्मपालनी डोळे मिटले. थोडा वेळ नुसते बसले, ठेका शोधल्यासारखे. मग पाय पडला. पुन्हा पडला. पुन्हा.

पडद्यावर सपाट रेघेतून एक उंच, बारीक काडी उभी राहिली. मग दुसरी. प्रत्येक थापेला एक. पाय पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत नस बोलत होती. पुस्तकात लिहिलं आहे अगदी तशी.

माधवीनं दोनशे थापा घेतल्या. एकशे चौऱ्याण्णव काड्या आल्या. ती उठून आत गेली आणि माठातलं पाणी पिऊन आली. मनकर्णाबाईंनी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली आणि बाहेर येऊन विचारलं, "कायी झालं का? का मी उगाच लावली?"

"लावली ते बरं केलं, आई."

माधवी कच्ची नव्हती. वर्गात ती पोरांना याहून किरकोळ चुकांसाठी नापास करत असे. हात स्वस्थ असताना काड्या येत नाहीत ना, हे तिनं रीतसर तपासलं. कॉलेजला जाण्याआधी, सकाळी आठ वाजता, चहा झाल्यावर. तेव्हा काडी एकही नाही. पुन्हा एकदा प्रयोगशाळेत नेऊन पाहिलं. तिथंही नाही, पण तिथं लिफ्ट होती, आणि बाबांना तिथं हुरूप येत नाही हे ते स्वतःच म्हणत. संध्याकाळी घरी मात्र हमखास. तिनं वहीत लिहिलं: रोग्याला घरचं वातावरण मानवतं.

मग रोज संध्याकाळी ओसरीवर मैफल भरू लागली. धर्मपालनी केस कापून घेतले. गायन पार्टीतली मंडळी येऊन बसू लागली आणि आवाज नसलेली ढोलकी ऐकून माना डोलवू लागली. "धर्मपालदादा, आज लय पक्की होती हो," असं एक जण म्हणालासुद्धा, आणि गंमत म्हणजे ते खरं होतं. शंभरात नव्याण्णव काड्या येऊ लागल्या होत्या. आत ठेवलेली ढोलकी मनकर्णाबाईंनी माळ्यावरून काढली, पुसली आणि कोपऱ्यात ठेवली. ढोलकीनं आपणहून खाली उतरावं तसं सगळ्यांनी ते मानून घेतलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी, रविवारी, डॉ. काळमेघ अकोल्याहून स्वतः पाहायला आल्या. दिवस मावळायला आला होता. मनकर्णाबाईंनी पोहे केले होते. डॉक्टरीणबाई समितीचे कागद मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या. धर्मपालनी पेडलवर पाय ठेवला, डोळे मिटले.

थोडा वेळ गेला. आणखी थोडा गेला.

पाय पडला. रेघ सपाट. पुन्हा पडला. सपाट.

"आज लय सापडून नाही राहिली," धर्मपाल डोळे न उघडता म्हणाले. "मोकळं मोकळं वाटते. जसं काई पार्टीतला कोणी आलाच नाही."

"सावकाश, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

धर्मपालनी पन्नास थापा दिल्या. कपाळावर घाम आला. पडद्यावर काडी म्हणून उभी राहिली नाही. माधवीनं तारा तपासल्या, बॅटरी तपासली, दुसरी चिप लावली. चाळीसातल्या अजून सदतीस शिल्लक होत्या. दुसरीलाही तेच ऐकू आलं.

"होतं असं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाहुणे आले की पोरगं पाढे विसरते. चहा घेऊ आपण, मग पाहू."

चहा आला. धर्मपालनी उजव्या हातात कपबशी घेतली. कुंपणापलीकडून सूर्यभाननी हे पाहिलं. चहा आला म्हणजे कार्यक्रम संपला, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. ते कडुलिंबाजवळ गेले, डब्याशी खुडबुड केली आणि निघून न जाता, डॉक्टरीणबाई दिसाव्यात म्हणून, कुंपणाला टेकून उभे राहिले.

धर्मपाल डॉक्टरीणबाईंना डुकराची गोष्ट सांगत होते. "तुमाले सांगतो म्याडम, असं आलं, जसं त्याले टाइमटेबलच होतं..." त्यांचा पाय अजून पेडलवर होता. हात बशीवर, डोळे डॉक्टरीणबाईंवर, मन परतवाड्याच्या रस्त्यावर. पाय आपला हळूहळू पडत होता.

पडद्यावर काडी उभी राहिली. मग दुसरी. मग रांगच लागली.

"आलं!" मनकर्णाबाई ओरडल्या. "आलं पाहा वं माय!"

डॉक्टरीणबाईंनी कप खाली ठेवला, चष्मा लावला आणि पडद्यावर वाकल्या. "अरे वा! काय सुरेख आहे हे. माधवी, किती स्वच्छ सिग्नल!" त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "मी आत्ताच लिहिते. फेब्रुवारीत घेऊन टाकू शस्त्रक्रिया."

माधवी पडद्याकडं पाहत नव्हती. ती वडलांकडं पाहत होती. धर्मपाल डुकराच्या सुळ्यांपर्यंत आले होते. डावी थाप त्यांच्या मनाच्या आसपासही नव्हती. तरी नस बोलत होती. मग तिला एक आवाज ऐकू आला. तो आवाज गेली चार वर्षं रोज संध्याकाळी त्या ओसरीवर येत होता आणि म्हणूनच कोणाला ऐकू येत नव्हता. कडुलिंबाच्या डब्यातून. टक. टक. टक.

झटका मशीन. डुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, हरभऱ्यात शिरू नयेत म्हणून सूर्यभान संध्याकाळी ते चालू करत आणि सकाळी सातला बंद. दर सव्वा सेकंदाला ते कुंपणाच्या तारेत हजारो व्होल्टांचा एक निमिषभर झटका सोडे. जनावर मरत नाही, दचकून परत जातं. खांद्यातून निघालेल्या केसासारख्या दोन तारांपर्यंत त्याची एवढीशी कुजबुज पोचायला पंधरा पावलं म्हणजे काहीच नव्हे. आणि चाळीस वर्षं ढोलकी वाजवलेल्या माणसाला कुठंतरी सारखी टकटक ऐकू आली, की तो त्यावर ठेका धरतो. त्याला ते माहीतही नसतं. कसलेल्या वादकाचा पाय तर मात्रेच्या किंचित आधी पडतो. पाय पडायचा, चिप जागी व्हायची आणि लगेच झटका यायचा. सकाळी आठला मशीन बंद. प्रयोगशाळेत मशीन नाही. आणि चिप बोलावल्याशिवाय पाहत नाही.

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. मनकर्णाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. धर्मपालनी गोष्ट थांबवून पडद्याकडं पाहिलं होतं, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते माधवीनं दोन वर्षांत पाहिलेलं नव्हतं. माधवी एक मिनिटभर चालत्या पेनाकडं पाहत राहिली. त्या मिनिटात मशीन अठ्ठेचाळीस वेळा वाजलं.

मग तिनं वाकून वडलांच्या पायाखालचं पेडल काढून घेतलं आणि स्वतःच्या हातानं दाबून धरलं. चिपेला झोपू दिलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदाच ती सलग जागी राहिली. काड्या येतच राहिल्या.

"सूर्यभानकाका," माधवी म्हणाली, "मशीन बंद करा जरा."

"बाप्पा! मघा तुमच्यासाठीच बंद ठेवली होती. म्हटलं डाक्टरीणबाई येऊन राहिल्या, चुकून तारेले हात लागला तं वलगावचं नाव खराब."

"आता पुन्हा करा."

टकटक थांबली. रेघ सपाट झाली.

"करा चालू."

टक.

"आलं!" मनकर्णाबाई म्हणाल्या.

आपल्या डब्यामुळं तिकडं काहीतरी घडतंय, हे सूर्यभानच्या लक्षात आलं. टीव्हीचा अँटिना फिरवायला गच्चीवर चढलेल्या माणसाचा उत्साह त्यांच्या अंगात संचारला. "आता?" ते ओरडले आणि बटण दाबलं.

"गेलं!"

"आता?"

"आलं, आलं!"

"आता पाहा बरं!"

"गेलं..." मनकर्णाबाईंचा आवाज बारीक झाला. त्यांनी माधवीकडं पाहिलं, मग डॉक्टरीणबाईंकडं. डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं होतं.

"आता आलं का?" पलीकडून सूर्यभाननी पुन्हा विचारलं. त्यांनी आपल्या समाधानासाठी आणखी दोनदा चालू-बंद करून पाहिलं.

धर्मपालनी बशी खाली ठेवली. "थांबव रे, सूर्यभान," ते म्हणाले. "बटण खराब होईन."

जाताना डॉक्टरीणबाई अंगणात थांबल्या. "दोन दिवस आहेत अजून," त्या म्हणाल्या. "चिप जागी ठेवून ऐक. दिवसा ऐक, मशीन बंद असताना." मग हिवरखेडच्या बोलीत हळूच म्हणाल्या, "तू बोलली नसती तं मले समजलं नसतं वं."

माधवीनं दोन दिवस रजा टाकली आणि ऐकलं. चिप उत्तम चालली. इतकी शांतता इतक्या स्वच्छपणे तिच्या क्षेत्रात कोणी टिपली नसेल. त्यावर एखादा शोधनिबंधही झाला असता. धर्मपालनी मनात डाव्या हातानं वाजवलं, मूठ वळली, शिव्या दिल्या, एकदा डोळे मिटून विनवणीही केली. काहीही नव्हतं.

एकतिसाव्या दिवशी अकोल्याला तारा काढल्या. वीस मिनिटांचं काम. समितीनं फाईल बंद केली आणि शेरा मारला, की रोगी हा चिप करणारीचा बाप असल्यामुळं अशी अडचण येणार, हे समितीनं आधीच सांगितलं होतं. एसटीत माधवी आणि धर्मपाल शेजारी बसले. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं.

घरी आले तेव्हा ढोलकी पुन्हा माळ्यावर गेलेली होती. मनकर्णाबाई आत स्वयंपाकाला लागल्या. धर्मपाल ओसरीवर बाजेवर बसले, माधवी पायरीवर. ऊन उतरत होतं.

"चिप चांगली हाय तुही," धर्मपाल म्हणाले.

"हो."

"पंपाचा दोष नाही. बोअरच कोरडा हाय."

"हो, बाबा."

"मंग तुनं वॉशर काऊन नाही बदलला?"

माधवीनं मान वर केली.

"डाक्टर लिहून राहिली होती," धर्मपाल म्हणाले. ते समोर हरभऱ्याकडं पाहत होते. "लिहू द्याचं होतं. मी एकतीस वर्षं बदलले. माहीत असून बदलले. लोकं दोन-चार दिवस खुश राहत."

"बाबा, तुमचा खांदा पुन्हा फाडला असता त्यांनी."

"फाडू द्याचा होता."

"आणि मग? हातमोजा झटका मशीनवर चालला असता. हरभरा निघाल्यावर काय केलं असतं?"

"तुरी असत्या," धर्मपाल म्हणाले. "डुकरं बारा महिने असतात."

सहा वर्षांच्या अभ्यासात याचं उत्तर आलेलं नव्हतं.

कुंपणापलीकडं सूर्यभान आले. आज त्यांच्या काखेत नवं खोकं होतं. जुनं मशीन त्यांनी कडुलिंबावरून उतरवलं, नवं टांगलं, वायरी जोडल्या. बराच वेळ लागला. आपल्या मशीननं धर्मपालभाऊंची नस बोलत होती आणि आपण ते बंद केल्यावर गेली, एवढं त्यांना त्या दिवशी समजलं होतं. बाकीचं माधवीनं दोनदा समजावून सांगितलं होतं. त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली होती आणि तिसऱ्या दिवशी अमरावतीला जाऊन दुप्पट ताकदीचं मशीन आणलं होतं.

"जयभीम, धर्मपालभाऊ! आता पाहा बरं!"

बटण दाबलं. टक. आधीच्यापेक्षा मोठा आवाज. टक. टक.

धर्मपालचा उजवा पाय जमिनीवरून किंचित उचलला गेला. त्यांनी तो पाहिला. मग दोन्ही पाय बाजेवर घेतले आणि लुगड्याच्या गोधडीखाली सारले. डावा हात मांडीवर पडलेला होता, घड्याळासकट. खांद्यातल्या तारा सकाळीच निघाल्या होत्या.

"आलं का, भाऊ?" सूर्यभाननी कुंपणावरून मान लांब करून विचारलं. "आं? आलं का कायी?"

माधवी सांगायला उठली. धर्मपालनी उजव्या हातानं तिला खाली बसवलं.

"आलं, सूर्यभान," ते मोठ्यानं म्हणाले. "चांगलं आलं. जा आता घरी, थंडी पडून राहिली."